स्टीअरिंग हातातून का खेचलं जातं? शेंद्रा, ऑक्टाव्हिया आणि पुढची दोन चाकं

ज्यांनी हा भाग इअरफोन लावून ऐकला त्यांना मध्येच दोनदा ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला असेल. घर जालना रोडला लागून आहे, त्याला इलाज नाही. हा लेखी मजकूर वाचणाऱ्यांसाठी. बोलताना जिथं घसरलो तिथं आकडे नीट केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय गाडीचा आहे, पण इंजिनाचा नाही. इंजिनावर बोलणारे ढीगभर आहेत. किती बीएचपी, शून्य ते शंभर किती सेकंदात, सगळं मिळतं रीलवर. मला बोलायचंय ते गाडीच्या पोटाखाली चिखलात राहणाऱ्या सामानाबद्दल. स्प्रिंग, शॉकअप, लोअर आर्म आणि मागच्या चाकांमधला तो आडवा दांडा. जिची पुढची चाकंच ओढतात त्या गाडीला, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्हला, वेगात वळायला शिकवलं ते या सामानानं. आणि ही गोष्ट बदनापुरातून सांगायला मला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण शेंद्रा. आमच्या बदनापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की करमाड लागतं आणि मग शेंद्रा एमआयडीसी. पंचवीसेक किलोमीटर असेल. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. २००१ मध्ये स्कोडानं तिथं ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. मी शाळेत होतो. आमच्याकडे चारचाकी म्हणजे काळीपिवळी जीप आणि डॉक्टरांची मारुती. त्यात ही लांबलचक गाडी रस्त्यावर दिसायला लागली आणि आम्ही पोरं थांबून बघायचो. २००४ मध्ये कंपनीनं ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. आज दीडशे आकडा कुणाला मोठा वाटणार नाही. त्या काळात आपल्याकडच्या बहुतेक गाड्या साठ-सत्तरच्या घरात होत्या.

दुसरं कारण माझा मामेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यानं एक सेकंड हँड डिझेल सेडान घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. दादानं आधी रिमॅप करून घेतलं, म्हणजे कॉम्प्युटर लावून इंजिनाची ताकद वाढवली. मग गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून एका गॅरेजमध्ये चारही स्प्रिंगा कापून घेतल्या. एकेक वेढा उडवला. खर्च अगदी किरकोळ. गाडी दिसायची भारी, खोटं का बोलू.

ऑक्टोबर महिना होता, परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली पुढे चाललेली. दादानं तिला ओलांडायला उजवीकडे घेतलं, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. टर्बो लागला तेवढ्यात रस्त्याला एक लाट आली. खड्डा नव्हे, लाट. गाडी आपटली, उडाली, स्टीअरिंग हातातून खेचलं गेलं. दादा घाबरला आणि त्यानं ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. गाडीची शेपूट फिरली आणि गाडी डावीकडे उतरून छातीएवढ्या तुरीत जाऊन थांबली. दादाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. मागे त्याची सहा वर्षांची मुलगी होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढचे बरेच महिने ती कुठल्याच गाडीत बसायला तयार नव्हती.

यात तीन गोष्टी घडल्या. गाडी आपटून उडाली, स्टीअरिंग खेचलं गेलं, शेपूट फिरली. या तिन्हींच्या मागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे. एकेक घेऊ. सुरुवात शेपटापासून करतो.

आधी मूळ अडचण समजून घ्या. टायरची पकड म्हणजे एक भाकरी समजा. त्यातली अर्धी गाडी ओढायला दिली तर वळायला अर्धीच उरते. मागची चाकं ओढतात त्या गाडीत, जुन्या पद्मिनीसारख्या, वाटणी सोपी: पुढच्यांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये एकाच भाकरीत दोघं जेवतात. त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढेच, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांच्या डोक्यावर. आणि पाय दाबला की गाडी मागे बसते, म्हणजे नेमकं ओढायच्या वेळी पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. वळणात जास्त पाय दाबलात तर स्टीअरिंग वळवलेलं असूनही गाडी सरळ बाहेरच्या कडेला पळते. याला अंडरस्टीअर म्हणतात.

मग असली गाडी बनवायचीच कशाला? जागेसाठी. मागे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट नको, मधला बोगदा नको, गाडी हलकी आणि आतून मोठी. फ्रान्सच्या सित्रोएननं १९३४ मध्ये ट्रॅक्शन अव्हां आणली. मोठ्या संख्येनं बनलेली ही पहिल्या काही फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांपैकी एक, आणि त्या काळात लोक तिच्या रस्त्याला चिकटून चालण्याचं कौतुक करायचे. मग १९५९ मध्ये इंग्लंडात ॲलेक इसिगोनिसची मिनी आली. इंजिन आडवं, चाकं चार कोपऱ्यांत, आणि स्टीलच्या स्प्रिंगऐवजी ॲलेक्स मोल्टननं बनवलेले रबराचे शंकू. १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनीनं माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ मध्येही ती पहिली आली होती, पण हेडलाइटच्या नियमावरून बाद केली. त्यावर अजून भांडणं चालतात, आपण नको पडायला.

पण मिनी हलकी होती आणि ताकद बेताची. खरी कसोटी पुढे आली.

१९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआय दाखवली आणि १९७६ मध्ये विकायला काढली. साधी घरगुती गोल्फ, तिच्यात ११० हॉर्सपॉवरचं इंजिन, वजन आठशे किलोच्या थोडं वर. कंपनीला वाटलं पाच हजार विकल्या तरी खूप. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांवर गेल्या. लोक इंजिनाची गोष्ट सांगतात. मला तिच्या जुन्या रेसचे फोटो बघायला आवडतात, कारण त्यात एक मजेशीर गोष्ट दिसते. वळणात गाडीचं मागचं आतलं चाक चक्क हवेत. तीन चाकांवर गाडी चाललीय, कुत्र्यानं पाय वर करावा तशी.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गाडी उलटतेय. उलटत नाहीये. ते चाक इंजिनिअरनी जाणूनबुजून तसं होऊ दिलंय. कसं ते सांगतो, हा भाग जरा सावकाश वाचा.

गाडी उजवीकडे वळली की भार उजव्या चाकांवरून डाव्या चाकांवर जातो. एकूण किती भार सरकणार हे वेग, गाडीची उंची आणि रुंदी यावर ठरतं, त्यात इंजिनिअरच्या हातात फार काही नसतं. पण त्यातला किती पुढच्या जोडीवर सरकायचा आणि किती मागच्या जोडीवर, हे मात्र त्याच्या हातात असतं. जी बाजू झुकायला जास्त कडक, ती जास्त वाटा उचलते. आता दुसरी गोष्ट. टायरवर दुप्पट भार टाकला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे एका चाकावर सगळा भार आणि दुसरं रिकामं, असं झालं की त्या जोडीची मिळून पकड घटते.

झालं तर मग. पुढची चाकं आधीच दोन कामांनी दमलेली आहेत, मागची चाकं नुसती मागून येतायत. मग मागची बाजू कडक करा. भार सरकण्याचा मोठा वाटा मागे जाऊ द्या. मागची पकड थोडी घटेल, घटू द्या. पुढची वाचेल. आतलं पुढचं चाक रस्त्यावर दाबलेलं राहील आणि ओढू शकेल. मागचं आतलं चाक हवेत गेलं तरी त्याला ओढायचं थोडंच आहे.

गोल्फच्या मागे हे काम करायला एक स्वस्त आणि हुशार रचना होती. दोन्ही मागच्या चाकांचे हात आणि त्यांना जोडणारा एक आडवा दांडा, जो वाकत नाही पण पिळला जातो. दोन्ही चाकं एकदम वरखाली झाली तर तो गप्प बसतो, एकच चाक उचललं तर विरोध करतो. टॉर्शन बीम म्हणतात याला. तुमच्या आमच्या बहुतेक हॅचबॅकच्या मागे आजही हेच आहे. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली की वाकून बघा. जीटीआयला त्यावर आणखी एक अँटी-रोल बार दिला होता.

आता याची किंमत. मागची पकड मुद्दाम पुढच्यापेक्षा जेमतेम जास्त ठेवलीय. वळणात तुम्ही घाबरून पाय एकदम काढला की भार पुढे धावतो, मागचं हलकं होतं आणि शेपूट फिरते. रेस ड्रायव्हर याचा उपयोग गाडी वळवायला करतात. दादाच्या बाबतीत मात्र त्या गाडीला आधीच मागून हलकं करून ठेवलं होतं. शेपूट फिरली ती अशी.

दुसरी गोष्ट, स्टीअरिंग खेचलं जाणं. याला टॉर्क स्टीअर म्हणतात आणि याच्यामागे एका अमेरिकन इंजिनिअरचं नाव आहे, अर्ल मॅकफर्सन. माणूस मोठा होता, त्याचा दोष नाही. फोर्डमध्ये असताना त्यानं १९५० च्या सुमारास शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात बसवून दिले. खाली एक लोअर आर्म, वर बोनेटखाली एक टोपी, संपलं. जागा कमी, सुटे भाग कमी, पैसा कमी. इंजिन आडवं बसवलं की दोन्ही बाजूंना जागाच उरत नाही, तिथं हा खांब देवासारखा धावून आला. मारुती ८०० पासून आजपर्यंत आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रटच आहे.

पण स्टीअरिंग वळवलं की चाक ज्या रेषेभोवती फिरतं, ती रेषा या रचनेत वरच्या टोपीपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत तिरपी जाते. ती चाकाच्या मध्यातून जात नाही, बरीच आतून जाते. म्हणजे दाराची बिजागरी आणि कडी यांत जसं अंतर असतं तसं अंतर तयार होतं. चाक पुढे ओढायला लागलं की तेवढ्या अंतराच्या जोरावर ते स्वतःला फिरवायलाही बघतं. डावं आणि उजवं सारखंच ओढत असेल तोवर दोघांचा जोर एकमेकांना मारतो. पण गिअरबॉक्स एका बाजूला असल्यानं दोन्हीकडचे एक्सल बऱ्याच गाड्यांत लांबीला वेगळे, त्यांचे कोन वेगळे. एक चाक उडालं, रिकामं फिरलं आणि परत रस्ता पकडला, की झटका बसतो. शंभर हॉर्सपॉवरपर्यंत हे चालून जातं. दोनशेच्या पुढे हात दुखतात.

यावर उपाय सापडायला बराच काळ गेला. फोर्डनं २००२ मध्ये फोकस आरएस काढली, २१५ हॉर्सपॉवर, मध्ये यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. पकड जबरदस्त, पण स्टीअरिंगशी कुस्ती. मग रेनॉनं २००४ च्या मेगान आरएसमध्ये खांब आणि वळण वेगळं केलं. खांब सरळ उभा राहतो, वळत नाही. चाक धरणाऱ्या भागाला स्वतःची वेगळी रेषा दिली, चाकाच्या मध्याजवळून जाणारी. म्हणजे बिजागरी कडीजवळ आणली. फोर्डनं २००९ च्या फोकस आरएसमध्ये हीच कल्पना आपल्या पद्धतीनं बसवली आणि तीनशेच्या वर हॉर्सपॉवर पुढच्या दोन चाकांवर टाकले. होंडानं २०१५ च्या सिव्हिक टाइप आरमध्ये तेच केलं. २०२३ मध्ये टाइप आरनं जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची वीस किलोमीटरहून लांब फेरी सात मिनिटं पंचेचाळीस सेकंदांच्या आत संपवली. सत्तरच्या दशकात कुणी म्हणालं असतं की पुढच्या दोन चाकांना तीनशे घोडे जुंपा, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

यातली एकही गाडी आपल्याकडे शोरूममध्ये विकायला आली नाही, हे थोडं दुःखच आहे. पण महाराष्ट्रातच या इतिहासाचे आपले तुकडे बनलेत. चाकणच्या कारखान्यातली पोलो जीटी टीएसआय २०१३ ची, १.२ लिटरचं टर्बो. रांजणगावची अबार्थ पुंटो २०१५ ची, १४५ हॉर्सपॉवर, दहा लाखांच्या आत, आणि खालून रस्त्यापर्यंत फक्त १५५ मिलिमीटर जागा. दोन्हींच्या मागे तोच टॉर्शन बीम. कंपनीनं अबार्थ खाली बसवली होती, पण तिच्या स्प्रिंगा कडक आणि शॉकअप त्यांना जुळवून दिलेले होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, परत येतो त्यावर.

आणि शेंद्रा. २००४ च्या आरएसच्या मागे टॉर्शन बीमच होता. तोवर युरोपात मात्र एक उलथापालथ झाली होती. १९९८ च्या पहिल्या फोर्ड फोकसमध्ये रिचर्ड पॅरी-जोन्स यांच्या टीमनं साध्या घरगुती गाडीला मागे मल्टिलिंक दिलं. प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र तीन-चार हात, एकानं फक्त पुढेमागे सांभाळायचं, बाकीच्यांनी फक्त आडवं. खड्ड्यात एक चाक गेलं तर दुसऱ्याला खबर नाही, आणि वळणात चाक किती तिरपं व्हायचं तेही ठरवता येतं. फोक्सवॅगनलाही गोल्फच्या पुढच्या पिढीत, २००३ मध्ये, मल्टिलिंकवर यावं लागलं. त्याच सांगाड्यावरची ऑक्टाव्हिया आपल्याकडे २००५ मध्ये लॉरा या नावानं आली. म्हणजे गंमत बघा, २००४ च्या स्पोर्ट्स मॉडेलपेक्षा २००५ च्या साध्या लॉराची मागची बाजू जास्त शहाणी होती. बॅजवर आरएस लिहिलेलं नसलं तरी. माझं स्वतःचं मत विचाराल तर जुन्या बाजारात आरएसच्या बॅजला लोक जितके पैसे देतात, त्यातला निम्मा भाव मागच्या सस्पेन्शनला द्यायला हवा.

आता तिसरी गोष्ट, आपटणं आणि उडणं. इथं आमच्या मातीचा संबंध येतो. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी नावाजलेलं आहे, बीडीएन ७११ तुम्ही ऐकलं असेल. तूर, कापूस पिकतो त्या काळ्या मातीचा एक गुण असा की ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. शेताला चालतं. रस्त्याला चालत नाही. भराव नीट नसेल तर डांबराखाली माती वरखाली होत राहते आणि रस्त्याला लाटा येतात. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. शंभरच्या वेगात लाटेवरून जाताना स्प्रिंग दाबली जाते आणि मग उसळते, आणि ती उसळी धरून ठेवणं हे शॉकअपचं काम.

अपघातानंतर जालन्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी गाडी उघडून दाखवली. मी म्हणालो, "चाचा, वेढा कमी केला तर स्प्रिंग मऊ झाली का?" ते हसले. "उलटं बेटा. वेढा कमी झाला की स्प्रिंग कडक होते. पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगेचा आहे ना. तो बिचारा तिला धरणार कसा?" दुसरं त्यांनी हातानं दाखवलं. गाडी खाली आली की खांबाला दाबायला जागाच उरत नाही. शेवटी रबराचा ठोकळा असतो, बम्प स्टॉप, गाडी त्याच्यावर आदळते. त्या क्षणी सस्पेन्शन नाहीच असं समजा. टायर उडणारच.

तिसरं मी नंतर वाचून समजून घेतलं आणि ते ऐकून मला स्वतःला धक्का बसला होता. मॅकफर्सनच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता ठेवलेला असतो. गाडी खाली बसवली की तो उलटा होतो, चाकाकडे चढतो. मग ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी झुकते, तो रोल सेंटर गाडीच्या उंचीपेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतो. गाडी दोन इंच खाली आली पण झुकवणारा दांडा लांब झाला. आणि झुकताना बाहेरचं चाक जेवढं सरळ राहायला हवं तेवढं राहत नाही, टायर कडेवर चालतो. टाय रॉडचा कोनही बिघडतो, म्हणून लाटेवर चाक आपोआप थोडं वळतं. म्हणजे खाली बसवली म्हणून गाडी रस्त्याला चिकटेल असं वाटतं, आणि पुढच्या टायरची होती तीही भाकरी हातची जाते. रेसच्या गाड्या खाली बसवतात तेव्हा बॉल जॉइंट लांब करतात, आर्मची जागा बदलतात, शॉकअप नवे घेतात. अबार्थचा मुद्दा हाच होता. टाटानं २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली, ११४ हॉर्सपॉवरची. कारखान्याच्या माणसांनी ती किती खाली आणली असेल? चार मिलिमीटर.

आता समृद्धी आमच्या तालुक्यातून जाते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, गाड्यांना ताशी १२० ची मर्यादा आहे. दुपारच्या वेळी तिथून जाणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या पांढऱ्या सेडान बघितल्या की मी पुढच्या चाकाच्या कमानीकडे बघतो. कंपनीचं काम असेल तर कळतं. कापलेली असेल तरी कळतं.

दादाची गाडी दुरुस्त झाली. मिस्तरींनी संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून मूळ स्प्रिंगा शोधून आणल्या, चारही शॉकअप नवे टाकले, अलाइनमेंट करून दिली. रिमॅप दादानं काढला नाही, यावरून वहिनी आणि त्याचं अजून वाजतं. मुलगी आता मोठी झालीय आणि मागे बसते, पण जालना रोडवर ती लाट यायच्या आधी पुढच्या सीटला धरते. रस्त्याची ती जागा मात्र दोनदा डांबर टाकूनही परत तशीच फुगलीय.

कुणाला लिफ्टवर गाडी चढवून ही सगळी नावं ओळखायची असतील तर सांगा. मिस्तरी पुढच्या भागात बोलायला तयार आहेत, फक्त दुकान बंद झाल्यावर, रात्री नऊनंतर. चला, भेटू.